खरबूज मागितलं, भोपळा मिळाला

"आत्या, तुझं रशियन काही कामाचं नाही."

भाच्याचा हा मेसेज आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. सप्टेंबर २०१९. तो डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला पश्चिम युक्रेनमधल्या तेर्नोपिलला गेला होता, पुरते दहा दिवसही झाले नव्हते. मेसेजखाली फोटो होता. हॉस्टेलच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर एक केशरी फोड आणि फोडीच्या टोकाला दातांच्या खुणा. खाली प्रश्न : "खरबूज आहे ना हे? गोड का नाही?"

मी फोटो मोठा करून पाहिला. बिया चपट्या, पांढऱ्या, बोटाच्या नखाएवढ्या. साल राखाडी आणि दगडासारखी.

"अरे गाढवा, भोपळा आहे तो. कच्चा खाल्लास?"

"अर्धा," त्याचं उत्तर आलं.

आता यात चूक कोणाची, तर बरीचशी माझी. मी रशियन शिकले रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, संध्याकाळच्या वर्गात, सोव्हिएत संघ शिल्लक होता तेव्हा. पुढे वीसेक वर्षं यंत्रांची माहितीपत्रकं आणि कॅटलॉग भाषांतरित करून पोट भरलं. तिकडे कॉलेजात प्रवेश करून देणाऱ्या एजंटाने सांगितलं होतं की सगळीकडे रशियन चालतं, आणि मीही मोठ्या जाणतेपणाने मान डोलावली होती. जाण्याआधी पोराला गच्चीवर बसवून चाळीसेक शब्द शिकवले. कलिंगडाला रशियनमध्ये म्हणतात 'अरबूज' (ज 'जमीन'मधला). लक्षात राहावं म्हणून युक्ती सांगितली : खरबुजातला ख काढून टाकायचा, की झालं रशियन कलिंगड.

बाजारात उभं राहिल्यावर पोराला युक्ती आठवली, पण उलटी. त्याने ख काढला नाही, उलट होता-नव्हता तेवढा ठासून भरला. "खरबूज, प्लीज." समोरच्या आजीबाईंनी ते ऐकलं 'हरबूज', आणि सुरी घेऊन त्यांनी मोठ्या डेऱ्यासारख्या फळाची एक फोड कापून दिली. त्यालाही वाटलं, आतून केशरी आहे म्हणजे खरबूजच. मागितलेलं मिळालं.

युक्रेनी भाषेत 'हरबूज' म्हणजे भोपळा. रशियन माणूस या शब्दाचं पहिलं अक्षर 'ग' म्हणून वाचतो, युक्रेनी माणूस मात्र आपल्या 'हत्ती'तल्या ह सारखा ह काढतो. मला हे अक्षर ठाऊक होतं, शब्द ठाऊक नव्हता. तीस वर्षं मी रशियनच्या खिडकीतून शेजारच्या घरात डोकावत होते आणि तिथली भांडी आपलीच आहेत असं धरून चालले होते.

गोष्ट इथेच संपली असती. पण त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या दारावर बसणाऱ्या बाईंनी भाच्याच्या हातातली उरलेली फोड पाहिली आणि हसत विचारलं, "कुठल्या मुलीनं दिला रे?" त्याला काही कळेना. मग वरच्या वर्गातल्या एका मुलाने उलगडून सांगितलं. जुन्या काळी तिकडे मुलाकडची मंडळी मागणी घालायला गेली, की मुलगी पसंत असेल तर त्यांना भरतकाम केलेला लांब रुमाल बांधायची. पसंत नसेल तर हातात भोपळा द्यायची. तो बगलेत मारून गावातून परत जायचं, म्हणजे सगळ्या गावाला निकाल कळतो. 'हरबूज मिळाला' म्हणजे नकार मिळाला.

"आत्या, म्हणजे आपल्यासारखंच की. मला इथे येऊन पहिल्याच आठवड्यात भोपळा मिळाला."

मी हसले, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. आपला खरबूज, रशियन अरबूज आणि युक्रेनी हरबूज हा उघड उघड एकच शब्द. मग एकाचं फळ गोड चिबुडासारखं, दुसऱ्याचं कलिंगड आणि तिसऱ्याचा भोपळा, हे कसं काय?

माझ्याकडे मॅक्स फास्मर यांच्या रशियन व्युत्पत्तिकोशाचा पहिला खंड आहे. चारातला एकच. सोव्हिएत पुस्तकं वजनाच्या भावात मिळायची त्या दिवसांतला. या फास्मर यांची कथा मला फार आवडते. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, नोकरी बर्लिनची. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं ग्रंथालय आणि कोशासाठी जमवलेल्या चिठ्ठ्या जळून गेल्या. माणसाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९५० ते १९५८ या काळात जर्मनमधून कोश छापून पूर्ण केला. रशियन भाषांतर पुढे ओलेग त्रुबाचोव यांनी केलं. असा कोश उघडताना माझा हात जरा पुसलेला असतो.

'अरबूज' पहिल्याच पानांमध्ये सापडला. शब्द रशियनचा नाहीच. तो तुर्की कुळातल्या भाषांकडून आलेला. काळ्या समुद्राच्या उत्तरेला गवताळ मैदानात किपचाक टोळ्या फिरत असत, त्यांच्याकडून. तुर्कस्तानी भाषेत तोच 'कारपुज', कझाकमध्ये 'कारबीज', आणि सगळीकडे अर्थ कलिंगड. ग्रीकांनीही तो तुर्कांकडून उचलून 'कारपुझी' केला. तुर्कांनी मात्र तो घेतला फारसीतून, आणि फारसीतला मूळ शब्द आपल्या ओळखीचाच : खरबुजा. तिथे त्याचा अर्थ कलिंगड नाही, खरबूजच.

आणि खरबुजा शब्दाची फोड कोश देतो ती अशी : खर म्हणजे गाढव, बुजा म्हणजे काकडी. गाढवकाकडी! फारसीत 'खर' पुढे लावून मोठं, राठ असंही सुचवतात, तेव्हा 'मोठी काकडी' म्हणायलाही हरकत नाही. सशाला फारसीत 'खरगोश' म्हणतात तेही गाढवाच्या कानांवरूनच. भाच्याला मी त्या दिवशी पहिलाच शब्द 'गाढवा' वापरला होता, तो नकळत अगदी मुळाशी जाऊन पोचला होता.

म्हणजे नाव इराणातून निघालं खरबूज होऊन, तुर्कांच्या घोड्यावर बसून कलिंगड झालं आणि युक्रेनच्या परसात उतरून भोपळा. मग प्रश्न असा, की युक्रेनी लोक कलिंगडाला काय म्हणतात? भाच्याला विचारलं. त्याचं उत्तर आलं, 'कावून'. खेरसोनचे कावून म्हणे प्रसिद्ध असतात, आणि दारावरच्या बाई तर म्हणाल्या की खेरसोनचा नसेल तो कावूनच नव्हे.

इथे मी दोन दिवस हवेत गेले, तेही सांगून टाकते. कावून म्हटल्याबरोबर मला आठवलं कवंडळ! रानातलं, केशरी-लाल, दिसायला देखणं आणि चवीला कडू जहर. तेही वेलावरचंच फळ. कावून-कवंडळ, कावून-कवंडळ असं घोकत मी घरभर फिरले. एका वहीवर बाण काढले, मराठीकडून मध्य आशियाकडे. नवऱ्याला चहाबरोबर व्याख्यान दिलं. तो एवढंच म्हणाला, "तू आधी ते कोशात बघ."

कोशात बघायचं तर 'कावून' दुसऱ्या खंडात, आणि माझ्याकडे पहिलाच. आता मात्र चारही खंड इंटरनेटवर आहेत. तिथे दिसलं की हाही शब्द तुर्की कुळातलाच. तुर्कस्तानात 'कावुन' म्हणजे खरबूज, कलिंगड नव्हे. उझबेकमध्ये 'कोवून', कझाकमध्ये 'कावीन', अर्थ तोच. अकराव्या शतकात महमूद काशगरी यांनी तुर्की भाषांचा अरबीतून कोश लिहिला, त्यातलं रूप आहे 'कागून'. हे वाचलं आणि माझे बाण कोसळले. मधला व नंतरचा आहे, मुळात तिथे ग. कवंडळाशी जुळत होतं ते अलीकडचं रूप, आणि नातं जुळवायचं तर जुनी रूपं जुळायला हवीत. आजच्या दोन चेहऱ्यांत साम्य दिसलं म्हणून कोणी भाऊ होत नाही. वहीचं पान फाडलं. नवऱ्याला सांगितलं नाही.

पण चित्र आता जास्तच गमतीदार झालं होतं. तुर्कांकडे दोन शब्द, कारपुज कलिंगडाला आणि कावुन खरबुजाला. युक्रेनने दोन्ही घेतले आणि दोन्ही एकेक घर पुढे सरकवले. खरबुजाचा कावुन कलिंगडाला दिला. कलिंगडाचा कारपुज मोकळा झाला तो भोपळ्याला दिला. आणि खरबुजासाठी त्यांचा स्वतःचा स्लाव्ह शब्द होताच, 'दिन्या'. संगीतखुर्चीच म्हणायची.

भोपळ्याला नाव लागलं, कारण तो नवखा पाहुणा होता. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, सोळाव्या शतकात युरोपात आला. नवं फळ आलं की लोक नवं नाव शोधत बसत नाहीत, घरातलं एखादं जुनं नाव त्याच्या अंगावर टाकतात. आपण तरी काय केलं? आपला मूळचा भोपळा म्हणजे दुधी, तुंबा, मिरजेच्या तंबोऱ्याला लागतो तो. अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याला आपण त्याचंच नाव दिलं आणि पुढे 'लाल' लावून मोकळे झालो.

एवढं सगळं झाल्यावर रात्री जेवताना मी ही कथा सासूबाईंना सांगितली. त्यांचं माहेर वर्धा नदीच्या काठचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यात काय मोठं? डांगराचं नाही का तसं?"

मग त्यांची गोष्ट निघाली. लग्न होऊन त्या संगमनेरकडे आल्या. पहिल्या महिन्यात त्यांच्या सासूने सांगितलं, घारगे करायचेत, बाजारातून एक डांगर घेऊन ये. यांच्या माहेरी उन्हाळ्यात नदीचं पाणी आटलं की वाळूत डांगरवाड्या लागत. टरबुजं, काकड्या आणि डांगरं. तिकडे डांगर म्हणजे खरबूज. यांनी हुंगून हुंगून एक छान पिकलेलं खरबूज निवडून आणलं आणि सासूसमोर ठेवलं. सासूला हवा होता लाल भोपळा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय बाप्पा. घारगे झाले नाहीत. डांगर मात्र समद्यांनी खाल्लं."

मी दोन आठवडे फास्मर आणि काशगरी उलथेपालथे करत होते, आणि खरबूज-भोपळ्याची नेमकी तीच अदलाबदल माझ्या ताटासमोर बसून वरण-भात कालवत होती. खुद्द कलिंगडाचंच बघा. पुण्या-मुंबईत कलिंगड, संस्कृतातल्या 'कालिंग'शी नातं सांगणारं. सासूबाईंकडे टरबूज, फारसीतून आलेलं. त्यातला 'तर' म्हणजे ओला, रसाळ. पण इराणात आज कलिंगडाला काय म्हणतात? 'हेंदवाने', म्हणजे हिंदुस्थानातून आलेलं! ते त्याला आपल्या देशाचं नाव देतात, आणि आपल्यातले निम्मे लोक त्याला त्यांच्या भाषेतलं नाव देतात. दोघांचंही मूळ घर नसलेलं हे फळ आहे आफ्रिकेचं.

(जाता जाता एक : नव्वदच्या दशकात रूबल कोसळला तेव्हा रशियन लोक दहा लाखांना 'लिंबू' आणि शंभर कोटींना 'अरबूज' म्हणत. त्या काळातल्या एका व्यवहाराच्या पत्रात मी ते लिंबू खरंखुरं लिंबू समजले होते. तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

पुढे कोविड आला, भाचा घरी येऊन गेला, परत गेला. मग फेब्रुवारी २०२२. त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. तेर्नोपिलवर तेव्हा थेट लढाई नव्हती, पण भोंगे होते, आणि मुलं मिळेल त्या बसने सरहद्दीकडे निघाली. शेवटचे काही किलोमीटर चालत. दीड दिवस त्याचा फोन लागला नाही. माझा भाऊ बोलायचा बंद झाला होता आणि वहिनी देवासमोरून उठत नव्हती. मग पोलंडमधून मेसेज आला, आधी 'पोचलो', आणि तासाभराने दुसरा :

"आत्या, इथे स्वयंसेवकांनी सूप दिलं. म्हणाल्या दिन्याचं. मला वाटलं खरबुजाचं सूप कोण करतं? भोपळ्याचं निघालं."

पोलिश भाषेत 'दिन्या' म्हणजे भोपळा. कलिंगड मात्र तिथे 'अरबूज', रशियनसारखंच. एक सरहद्द चालत ओलांडली आणि खुर्च्या पुन्हा बदलल्या होत्या. मी तो मेसेज भावाला वाचून दाखवला. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण पोरगा सूप पितोय एवढं कळलं आणि तो ढसाढसा रडला. नंतर मी बघितलं तर बल्गेरियन भाषेत 'दिन्या' म्हणजे चक्क कलिंगड. पण ते त्या दिवशी कोणाला सांगायचं?

ऑपरेशन गंगाच्या विमानाने तो आला. वर्ष वाया जाणार अशी भीती होती. शेवटी युक्रेनहून परतलेल्या बऱ्याच मुलांप्रमाणे त्यालाही उझबेकिस्तानात, समरकंदला जागा मिळाली. "आता उझबेक शिकव," तो म्हणाला. मी कानाला हात लावले.

२०२३ च्या सप्टेंबरात मी त्याला भेटायला गेले. खोटं कशाला बोलू, निम्मी त्याला भेटायला आणि निम्मी खरबुजाला. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने मध्य आशियातल्या ख्वारिझमच्या खरबुजांची तोंड भरून स्तुती केली आहे. त्यांच्या चिरा करून उन्हात वाळवत आणि हिंदुस्थान-चीनपर्यंत पाठवत, असं तो सांगतो. आणि बाबर तर जवळच्याच फरगाण्याचा. हिंदुस्थान जिंकून बसला, पण इथे चांगलं खरबूज मिळत नाही म्हणून कुढत राहिला. १५२९ च्या एका पत्रात त्याने लिहिलं आहे की मध्यंतरी खरबूज आणलं होतं, ते कापून खाताना मला रडू आलं. त्याची मातृभाषा चगताई तुर्की, म्हणजे त्याच्या डोळ्यांत पाणी आणणारं ते फळ कावूनच.

समरकंदचा सियोब बाजार बीबी खानम मशिदीला लागूनच आहे. खरबुजांची वेगळी रांगच. पिवळी, लांबुळकी, पाणबुडीच्या आकाराची मिर्जाचूल जातीची खरबुजं उतरंडीसारखी रचलेली होती. एकेक इतकं वजनदार की दोन्ही हातांनी उचलावं. भाच्याने वर्षभरात शिकलेल्या उझबेकमध्ये ऐटीत विचारलं, कोवून कसा दिला? विक्रेत्याने भाव सांगितला. मग शेजारच्या गाळ्यावरच्या माणसाकडे वळून तो काहीतरी बोलला, आणि त्या वाक्यातून एक शब्द टपकन माझ्या कानात पडला : खरबुजा.

समरकंदात कितीतरी लोकांची घरची भाषा ताजिक आहे. ताजिक म्हणजे फारसीच. गिऱ्हाइकाशी उझबेक, शेजाऱ्याशी ताजिक. त्यामुळे एकाच फळाच्या ढिगावर 'कोवून' आणि 'खरबुजा' ही दोन्ही नावं सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुखाने नांदतात, आणि पलीकडे कलिंगडांना एका तोंडी तारवूज, दुसऱ्या तोंडी तरबूज.

मी भाच्याला कोपराने ढोसलं. "आता माग. तेर्नोपिलला मागितलंस तसंच."

तो लाजला. मग ख ठासून भरून म्हणाला, "खरबुजा."

विक्रेत्याने एक उचललं, अंगठ्याने देठाकडे दाबून पाहिलं, दोन टिचक्या मारून आवाज ऐकला आणि लांब सुरीने चीर काढून सुरीच्या टोकावरच त्याच्यापुढे धरली. आतून पांढरी, काचेसारखी. रस त्याच्या मनगटावरून बाहीत गेला.

"केशरी नाहीये," भाचा तोंड भरलेलं असताना म्हणाला. "म्हणजे भोपळा नाही."

परत येताना मी सुकवलेल्या खरबुजाची एक वेणी आणली. चिरा वाळवून, त्यांची वेणी घालून विकतात, इब्न बतूताने लिहिलं आहे तेच बहुधा. चिंचेच्या गोळ्यासारखी तपकिरी आणि चिवट, अतिशय गोड. पुण्यात आल्यावर सासूबाईंना एक तुकडा दिला. काय आहे ते मुद्दाम सांगितलं नाही. कवळी सांभाळत त्या बराच वेळ चघळत बसल्या. डोळे मिटले, उघडले.

"डांगर आहे की हे," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.